सगळ्या खिडक्यांना एक पाटी

आपण कामावरच्या साहेबाविरुद्ध लेखी तक्रार केली आहे, ही गोष्ट मावशीला एचआर मॅनेजरच्या केबिनमध्ये कळली. तोवर तिला त्याची काहीच कल्पना नव्हती. तिने आधी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी उभं आहे का म्हणून. मागे फक्त पाणी पिण्याचं मशीन होतं.

बाहेर आल्यावर तिने पहिला फोन भाच्याला लावला.

"बाळ्या, तुझ्या त्या वेबसाइटवर मी काय लिहिलंय?"

"रजा मागितली असशील."

"ती मागितलीच. पोरीचे दिवस भरत आलेत, घरी कोणी नको का? ते सोडून आणखी काय लिहिलंय?"

"ते मला कसं माहीत असणार, मावशी?"

"वा! मी लिहिलं ते मला माहीत नाही. तू यंत्र केलंस, तुला माहीत नाही. आणि तो चष्मेवाला मॅनेजर मला चढ्या आवाजात वाचून दाखवतोय!"

मावशी ब्रेडच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं आणि बाळंतपणाला आलेली लेक त्याच घरात होती. भाचा एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर होता. ऑफिसात त्याला 'शॉर्टकट' म्हणत. हे नाव कौतुकाने पडलं होतं आणि कौतुकानेच टिकलं होतं. कारखान्याला हजेरी, रजा, पगाराची स्लिप आणि तक्रारी यांच्यासाठी वेबसाइट हवी आहे, ही खबर त्याच्या कंपनीला मावशीनेच दिली होती. "माझा भाचा करतो असली कामं," असं ती अभिमानाने केबिनमध्ये जाऊन सांगून आली होती. घरच्या माणसाचं भलं करायला गेलं की ते बूमरँग होऊन येतं, असं नाही. पण येतं तेव्हा नेम चुकत नाही.

तक्रार अशी होती : दुकानांतून परत येणारा शिळा ब्रेड फेकला जात नाही. त्याची पाकिटं फोडून, तो भिजवून, पुन्हा नव्या पिठात घातला जातो. काही पाकिटांना बुरशी असते, तीही जाते. हे सगळं प्रॉडक्शन मॅनेजरच्या हुकमाने चालतं. खाली नाव मावशीचं आणि फोटोही मावशीचाच, ओळखपत्रावरचा, ज्यात ती मुळातच आरोपी दिसत असे.

वेबसाइटवर तक्रारीच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की तक्रारदाराचं नाव पूर्णपणे गुप्त राहील. ते तसं राहतही होतं. ते फक्त एचआर मॅनेजरला दिसे. प्रॉडक्शन मॅनेजर हा एचआर मॅनेजरचा सख्खा मेहुणा होता, ही वेगळी गोष्ट. वेबसाइट बनवताना नातीगोती कोणी विचारत नाही.

"गुरुवारी चौकशी आहे," मावशी म्हणाली. "कारखान्याची बदनामी केली म्हणून काढून टाकणार म्हणतात. बाळ्या, तू काहीतरी कर. मी खरंच लिहिलेलं नाही रे."

"मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"तू लिहिलं असतंस तर आधी चार जणींना वाचून दाखवलं असतंस."

"ते बाकी खरं," मावशी म्हणाली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला स्वतःलाही मान्य होतं.

*

शॉर्टकटचं ऑफिस एका डान्स क्लासच्या खाली होतं. वर पाय आपटले की इथे स्क्रीन थरथरत. कंपनीकडे पैसा बेताचाच, त्यामुळे केलेलं काम तपासायला सर्व्हर एकच, जुना. त्यावरून ऑफिसात एक रीत पडली होती. तपासणी करणारी टेस्टर, जिला सगळे 'फौजदार' म्हणत, ती वेबसाइट उघडण्याआधी मोठ्याने ओरडे, "मी आत चाललेय!" की बाकीचे सगळे कीबोर्डवरून हात उचलत. कोणी कान खाजवी, कोणी चहा घेई. तिचं आटोपलं की ती म्हणे, "बाहेर आले," आणि ऑफिस पुन्हा टकटकू लागे. नव्या माणसाला ही रीत पहिल्याच दिवशी शिकवली जाई. पाहुण्यांना ती शिस्त वाटे.

ही रीत का पडली, हे कोणी विचारत नव्हतं. फार पूर्वी एकदा दोघांनी एकाच वेळी तपासणी केली होती, आणि एकाच्या स्क्रीनवर दुसऱ्याचं नाव आलं होतं. तेव्हा सगळ्यांनी बसून विचार केला आणि ठरवलं की यापुढे एका वेळी एकानेच आत जायचं. गळक्या छताखालून माणसाने खुर्ची सरकवावी आणि छत दुरुस्त झालं म्हणावं, तसं ते झालं होतं. सभ्य माणसांचं ऑफिस असल्याने तो नियम कधी मोडला गेला नाही, आणि म्हणून पुन्हा कधी काही बिघडलं नाही.

कारखान्यात मात्र अशी सभ्यता नव्हती. तिथे मशीनवर फोन न्यायला बंदी, फोन कपाटात. पाळी सुटली की सगळेच कपाटाकडे धावत, आणि सगळेच एकदम वेबसाइट उघडत.

"फौजदार," शॉर्टकट म्हणाला, "आपण दोघं एकदम आत जाऊ."

"नियम नाही तसा."

"नियम कोणी केला?"

"तुम्हीच. मी नवीन होते तेव्हा तुम्ही मला झापलं होतंत."

"आता मीच मोडतोय. तुम्ही रजेचा अर्ज करा, मी तक्रार करतो. तीन म्हटलं की दाबायचं."

"कोणाविरुद्ध तक्रार?"

"कोणाविरुद्धही. माझ्याविरुद्ध करतो."

"मग मनापासून लिहा," फौजदार म्हणाली.

पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. फौजदार हसू लागली. त्यानंतर किती वेळा दाबलं कोणास ठाऊक, पण मध्येच तिचं हसू थांबलं. शॉर्टकटच्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, जिथे 'नमस्कार' म्हणून स्वतःचं नाव येतं, तिथे तिचं नाव आलं होतं. आणि शॉर्टकटने शॉर्टकटविरुद्ध केलेली तक्रार तिच्या नावावर जमा झाली होती.

"अहो, हे मी नाही लिहिलं!" ती म्हणाली. अगदी मावशीच्या आवाजात.

शॉर्टकटने प्रोग्राम उघडला. कुठे बघायचं ते त्याला ठाऊक होतं. आपली मेख आपणच मारलेली असली की अंधारातही हात बरोबर जातो.

गोष्ट तशी साधी होती. बँकेत जशा चार खिडक्या असतात आणि प्रत्येक खिडकीत एक कारकून, तसं वेबसाइटच्या आत एकाच वेळी बरेच थ्रेड काम करतात. प्रत्येक थ्रेडपुढे एक माणूस. आता हा माणूस कोण, हे आतल्या प्रत्येक टेबलाला लागतं. रजेला लागतं, हजेरीला लागतं, तक्रारीला लागतं. नीट पद्धत अशी की त्या माणसाची चिठ्ठी त्याच्या कागदांबरोबर टेबलोटेबली फिरवायची. पण तसं करताना हात फार दुखतात. म्हणून शॉर्टकटने मधोमध एक पाटी टांगली होती. 'सध्या समोर कोण आहे' एवढंच तिच्यावर लिहायचं, आणि ज्या टेबलाला लागेल त्याने मान वर करून वाचायचं. फार सुटसुटीत. त्याबद्दल तेव्हा त्याचं कौतुक झालं होतं.

फक्त खिडक्या अनेक होत्या आणि पाटी एक. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने तक्रार दिली, कारकुनाने त्याचं नाव पाटीवर लिहिलं. तक्रार आतल्या टेबलावर पोचेपर्यंत दुसऱ्या खिडकीवर मावशी रजेसाठी आली, तिच्या कारकुनाने पाटी पुसून तिचं नाव लिहिलं. आतल्या टेबलाने मान वर केली. मावशी.

फौजदारने विचारलं, "हीच पाटी आपण त्या दवाखान्याच्या कामातही लावली होती ना?"

दवाखान्यात लावली होती. शाळेतही लावली होती. चांगली गोष्ट एकदा जमली की माणूस ती पुन्हा पुन्हा वापरतो.

कंपनीच्या मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"ही चूक नाही," तो म्हणाला. "ह्याला निरीक्षण म्हणायचं."

"सर, माझ्या मावशीची नोकरी चाललीय."

"म्हणून तर. तू गुरुवारी जा, काय सांगायचं ते सांग. पण भाचा म्हणून जा. कंपनी म्हणून जाऊ नकोस."

"लॅपटॉप नेऊ?"

"लॅपटॉप कंपनीचा आहे," मालक म्हणाला आणि जरा विचार करून पुढे म्हणाला, "मी बघितलं नाही असं समज."

*

सर्व्हर आपल्या दारात कोण आलं, कोण गेलं याची नोंद स्वतःशी करत असतो. त्या नोंदीत शॉर्टकटला हवं ते सापडलं. पाळी सुटल्यावर, एकाच क्षणात, दोन वेगळ्या फोनवरून दोन माणसं आत आलेली. एका फोनवर मावशीचं लॉगिन, तिथून रजेचा अर्ज. दुसऱ्या फोनवर दुसऱ्याचं लॉगिन, तिथून तक्रार. मावशी निर्दोष असल्याचा याहून स्वच्छ पुरावा असू शकत नव्हता.

अडचण इतकीच की दुसरं लॉगिनही तिथेच होतं, तितकंच स्वच्छ. परतीच्या गाडीचा ड्रायव्हर. दुकानांतून शिळा ब्रेड गोळा करून आणणारा.

म्हणजे मावशीला सोडवायचं तर याला धरून द्यायचं. नोंदीत दोघं एकाखाली एक. मावशीचं नाव वाचायला दिलं की खालचं वाचलं जाणारच. शॉर्टकटने त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. एरवी अशा वेळी त्याला काहीतरी सोपी वाट सुचत असे.

गुरुवारी कारखान्याच्या फाटकाशी मावशी भेटली. डोक्यावर पॅकिंगची जाळीची टोपी तशीच होती.

"कळलं का कोणी लिहिलं?" तिने हळूच विचारलं.

"कळलं."

"मला सांगू नकोस."

"का?"

"माझ्या पोटात राहणार नाही. वर चष्मेवाल्याने दोनदा दरडावलं की मी भडाभडा ओकेन. तू फक्त मी नाही एवढं सांग."

"तेवढंच सांगणार आहे."

"आणि जरा नीट शब्दांत सांग. परवा मला समजावत होतास ते मला अर्धं कळलं नाही."

"टोपी काढ ना ती."

"असू दे. घरी बसवलेली बाई दिसण्यापेक्षा कामावरची बाई दिसलेली बरी."

केबिनमध्ये एचआर मॅनेजर होता. चौकशी निःपक्षपाती व्हावी म्हणून प्रॉडक्शन मॅनेजरलाही बसवलं होतं. तो खिडकीशी बसून नखं तपासत होता.

शॉर्टकटने खिडक्यांची आणि पाटीची गोष्ट सांगितली. दोष आपला आहे, आपणच ती पाटी टांगली, हेही सांगितलं. कंपनीचा उल्लेख केला नाही. आपण आयुष्यात इतकं स्पष्ट कधी बोललो नाही, असं त्याला बोलता बोलता वाटलं. एचआर मॅनेजर लक्ष देऊन ऐकत होता. त्याला सगळं समजत होतं, आणि ते चांगलं लक्षण नव्हतं.

"म्हणजे ह्या बाईंनी लिहिलेलं नाही."

"नाही."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के."

मावशी खुर्चीत जरा ऐसपैस बसली.

"छान," एचआर मॅनेजर म्हणाला. "मग कोणी लिहिलं?"

"ते सांगता येणार नाही. पाटी पुसली गेली की..."

"पाटी पुसली गेली हे कशावरून कळलं तुम्हाला?"

"नोंदीवरून."

"म्हणजे नोंद आहे."

शॉर्टकट अडकला. प्रोग्राममध्ये असं झालं की तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करत असे.

"नोंदीत एकाच वेळी दोघं आले एवढं दिसतं," तो म्हणाला. "दुसरं कोण ते अंधुक आहे."

"कॉम्प्युटरमध्ये अंधुक?" प्रॉडक्शन मॅनेजरने पहिल्यांदाच नखांवरून नजर उचलली. "कॅमेरा आहे काय तो?"

"हे बघा," एचआर मॅनेजर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "नोंद आमच्या मालकीची आहे, करारात तसं आहे. संध्याकाळपर्यंत सगळी इथे पाठवून द्या. आमचा माणूस वाचेल. त्याला अंधुक दिसत नाही. आणि बाई, तुम्ही जा कामावर. तुमचं काही नाही. उगीच त्रास झाला."

मावशी उठली. तिने टोपी सारखी केली. खुर्ची आत ढकलली.

"नाव कळू दे एकदा," प्रॉडक्शन मॅनेजर मेहुण्याला म्हणाला, जणू बाकीचे गेलेच होते. "असा हाकलतो की गावात कोणी झाडू मारायला ठेवणार नाही. पोरंबाळं घेऊन हिंडू दे भीक मागत."

मावशी दारापर्यंत गेली होती. तिथेच थांबली.

"कशाला एवढं करताय," ती म्हणाली. "मीच लिहिलंय ते."

"मावशी!"

"तू गप रे. हा माझा भाचा आहे, साहेब. मला वाचवायला काहीही सांगेल. लहानपणी पण असाच, मी भांडं फोडलं तर म्हणायचा मांजराने फोडलं."

"मावशी, मी आत्ता सिद्ध केलंय की..."

"काय सिद्ध केलंस? पाट्या आणि खिडक्या! ह्यांना तरी कळलं का?" ती एचआर मॅनेजरकडे वळली. "परतीचा ब्रेड पिठात जातो. मी बघते रोज. मी लिहिलं. नाव पण माझंच आलंय, फोटो पण माझाच. आणखी काय पाहिजे?"

एचआर मॅनेजरने मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्याने एचआर मॅनेजरकडे. त्यांना एक नाव हवं होतं. ते मिळालं होतं, तेही कबुलीसकट आणि कॉम्प्युटरच्या पाठिंब्याने. खरं-खोटं करायला आता आणखी एक माणूस लावणं म्हणजे खर्च.

"ठीक आहे," एचआर मॅनेजर म्हणाला. "नोंद राहू द्या."

*

जिन्यात शॉर्टकटचा संताप उसळला.

"तू वेडी आहेस का? सुटली होतीस! 'कामावर जा' म्हणाला होता तो!"

मावशी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

"आम्हाला रोज एक ब्रेड फुकट मिळतो," ती म्हणाली. "मी तो कधी घरी आणलाय?"

शॉर्टकटने आठवून बघितलं. कधीच नाही.

"गल्लीतल्या कुत्र्याला घालते. बाकी सगळ्या पण तेच करतात. कुत्री गुटगुटीत झालीत आमच्या गल्लीत. इतकी वर्षं मला ठाऊक आहे. मी पाकीट बंद करते, वर आजची तारीख मारते. आणि लिहिलं कोणी, तर दुसऱ्याने."

"म्हणून तू अंगावर घेतलंस?"

"घेतलं कुठे? बोलून बसले." ती खालच्या पायरीवर टेकली. टोपी काढून तिने मांडीवर ठेवली, आणि टोपीच्या रबराचा वळ कपाळावर तसाच राहिला. "आता पोरीला काय सांगू रे? तिला म्हटलं होतं, दवाखान्याचं मी बघते."

तो तिच्या शेजारी बसला. लॅपटॉपची बॅग मध्ये होती. बॅगेत ती नोंद होती, दोघं एकाखाली एक. वर जायला एकच जिना होता.

"तुझ्या त्या वेबसाइटवर," मावशीने थोड्या वेळाने विचारलं, "केलेली तक्रार मागे घ्यायला काही असतं का?"

"नाही."

"का नाही?"

"त्यांनी मागितलंच नव्हतं."

मावशीने मान हलवली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. बॅगेकडे तिने एकदा बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. काही विचारलं नाही. त्यानेही काही काढलं नाही. दोघांच्याही मनात तेच होतं, वर जाऊन नोंद देऊन यावी. एकाने तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याने नाही म्हटलं नसतं, याची दोघांना इतकी खात्री होती की ते पटकन उठून बाहेर आले.

फाटकाबाहेर ऊन तापलं होतं, रिक्षा दिसत नव्हती. आतून एक गाडी निघाली आणि त्यांच्यापाशी येऊन थांबली. मागे रिकामे क्रेट खडखडत होते. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मावशी, आज मधेच सुट्टी? चला, नाक्यापर्यंत सोडतो. हे कोण?"

"भाचा माझा."

"तो वेबसाइटवाला? बसा की! दोघं पुढेच बसा, मागे वास येतो."

शॉर्टकट मध्ये बसला, मावशी दाराशी. गाडीत खरंच आंबूस वास होता, आणि आरशाला एक लहान मुलाचा बूट टांगलेला होता. ड्रायव्हर बडबड्या होता. एरवी शॉर्टकटला तो आवडला असता.

"एक विचारू का साहेब? रागावू नका," गिअर टाकत तो म्हणाला. "तुमच्या त्या वेबसाइटवर माणूस काही लिहितो, ते खरंच पोचतं का कोणाला? नाही, मी एक लिहिलं होतं. दिवस झाले. उत्तर नाही, बोलावणं नाही, काही नाही. दोन-तीन रात्री तर नीट झोपलो नाही, आता बोलावतील, मग बोलावतील. बायको म्हणाली, अहो, ते पोचलंच नसेल."

शॉर्टकटचा हात बॅगेवर घट्ट झाला. त्याला मावशीकडे बघायचं धैर्य झालं नाही. क्रेट खडखडत होते. मावशी पुढे वाकली. भाच्यापलीकडे बसलेल्या त्या माणसाकडे तिने बराच वेळ बघितलं, मग आरशाला टांगलेल्या बुटाकडे बघितलं, आणि पुन्हा मागे टेकून बसली.

"पोचलं," ती म्हणाली. "तू पुढे बघून चालव."